रेस त्यांची, ब्रेक माझा: शिकवणीच्या इलेक्ट्रिक गाडीचे आठ महिने

शोरूममध्ये मी पहिला प्रश्न विचारला तो रेंजचा नव्हता. "ब्रेक आणि रेस एकदम दाबली तर ही गाडी काय करते?" समोरचा पोरगा हसला. "मॅडम, दोन्ही एकदम कोण दाबतं?"

माझ्या गाडीत रोज कोणीतरी दाबतं. नाशिकच्या सिडकोत १९ वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. त्रिमूर्ती चौकात भाजीची हातगाडी आडवी आली की शेजारी शिकणाऱ्या काकूंचा पाय ब्रेककडे निघतो आणि पोचतो रेसवर. तेवढ्यात माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेलेला असतो. रेस त्यांची, ब्रेक माझा, गाडी एकच. बाकीच्यांना हा अपघात वाटेल, मला तो पहिल्या आठवड्याचा धडा आहे.

पेट्रोलच्या गाडीत याची मला चिंता नव्हती. माझ्या बाजूला क्लच आणि ब्रेक दोन्ही. दोन्ही तळाला दाबले की इंजिन बोंबलत बसतं आणि गाडी जागच्या जागी उभी. इलेक्ट्रिकमध्ये क्लचच नाही. मोटर एका ठरलेल्या गिअरमधून कायमची चाकांना जोडलेली, आणि तिचा सगळा जोर उभ्या गाडीतही पहिल्या क्षणापासून हजर. म्हणजे समोरच्याने घाबरून रेस तळाला नेली तर माझ्याकडे काय उरलं? एक ब्रेक. म्हणून तो प्रश्न. पोराने मॅनेजरला विचारलं, मॅनेजरने वर्कशॉपला फोन लावला, आणि उत्तर आलं, "सेफ्टी फीचर्स सगळे आहेत मॅडम." चहा चांगला होता.

गाडीचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि मला याच शहरात धंदा करायचाय. लहान हॅचबॅक आहे, २४ युनिटच्या आसपासची बॅटरी, पुढच्या चाकांना मोटर. शिकवणीच्या रडतखडत चालीत दिवसाला ६०-७० किलोमीटर होतात, रात्री घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावते, सकाळी भरलेली असते. पेट्रोलच्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये तासन्‌तास फिरण्यात जो पैसा जळायचा त्याचा हिशेब मी आता करत नाही, कारण चिडचिड होते. रेंज, चार्जर, एसी यावर लिहिणारे खूप आहेत. मला दोन पेडलांबद्दल लिहायचंय.

आधी फिटिंग. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ड्युअल कंट्रोल हवंच, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलेलं आहे. शोरूमवाले म्हणाले, पेडलला हात लावलात तर वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही. सांगू शकत नाही म्हणजे काय, हे पण सांगू शकले नाहीत. शेवटी बाहेरून बसवून घेतलं, ६,५०० रुपये.

ड्युअल कंट्रोलमध्ये जादू काही नसते. माझ्या पायाखालच्या पेडलपासून एक रॉड निघून ड्रायव्हरच्या ब्रेक पेडलच्या दांड्याला धरलेला असतो. मी माझं दाबलं की त्यांचं आपोआप खाली जातं. इलेक्ट्रिक गाडीत ही गोष्ट पेट्रोलपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, हे मला फिटिंग झाल्यावर कळलं. ड्रायव्हरच्या ब्रेक पेडलमागे एक स्विच असतो. मागचे लाल दिवे त्यानेच लागतात, आणि गाडीच्या कंट्रोलरला, म्हणजे मोटरचा जोर ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला, 'ब्रेक दाबलाय' ही खबर पण तोच देतो. माझ्या पेडलने ड्रायव्हरचं पेडल हललं नाही, तर गाडीच्या दृष्टीने ब्रेक दाबलेलाच नाही. पहिल्या फिटिंगमध्ये रॉडला चांगला दीड इंच खेळ ठेवला होता. माझा पाय अर्धा खाली गेल्यावर त्यांचं पेडल हलायला लागायचं. फिटर म्हणाला, "ताई, ब्रेक तर लागतोय ना." लागतोय, पण उशिरा. परत उघडायला लावलं. नवीन गाडीला कोणी ड्युअल कंट्रोल बसवणार असेल तर एक करा: कोणाला तरी मागे उभं करा, आपलं पेडल अगदी हलकं दाबा आणि दिवा कधी लागतो ते विचारा.

मग एका रविवारी सकाळी सहाला अंबड एमआयडीसीतला आतला एक सरळ रिकामा रस्ता गाठला. ड्रायव्हर सीटवर आमचे हे, कारण नवऱ्याला 'मूर्खासारखी रेस दाबा' असं बिनधास्त सांगता येतं. मागे भाचा, दिवे बघायला. घरी कोणी हे करून बघणार असेल तर रिकामा रस्ता, पुढे मोकळी जागा आणि शेजारी दुसरा ब्रेक असल्याशिवाय बघू नये. दुसरा ब्रेक आपल्याकडे नसतो, तेव्हा बघूच नये.

पहिल्यांदा गाडी उभी, डी मध्ये, माझा ब्रेक पूर्ण दाबलेला. यांनी हळूहळू रेस तळाला नेली. काही म्हणजे काहीच झालं नाही. गाडी थरथरली नाही, नाक खाली गेलं नाही. समोर स्क्रीनवर दोन्ही पेडल दाबल्याची सूचना आली आणि एकदा टुणकन वाजलं. हे म्हणाले, "बंद पडली का?"

मग वीसच्या वेगाने चालत असताना यांनी रेस धरून ठेवली आणि मी ब्रेक मारला. मोटरचा जोर तिथल्या तिथे गेला, गाडी नेहमीसारखी थांबली. चाळीसला पण तेच. ब्रेक आणि मोटर यांची ओढाताण होईल अशी जी भीती मी शोरूमपासून पोटात घेऊन फिरत होते, ती पाच मिनिटांत संपली. त्यानंतर हलका ब्रेक. भाचा मागून चालता चालता ओरडत होता, "लागला!" आणि बरोबर त्या 'लागला'ला गाडी ओढायची थांबायची. म्हणजे या गाडीत ब्रेकचा स्विच लागला की रेसचं काही चालत नाही.

असं होतं ते का, हे मला आमच्या मिस्त्रींनी सांगितलं आणि ते मी आता विद्यार्थ्यांना माझ्या शब्दांत सांगते. रेसचं पेडल म्हणजे अर्ज आहे. त्याच्यामागे पूर्वीसारखी केबल नाही, दोन सेन्सर आहेत. पाय किती खाली आहे ते दोघं आपापल्या व्होल्टेजमध्ये कळवतात, आणि दोघांचं जुळलं नाही तर कंट्रोलर तो अर्ज खरा मानत नाही. जुळलं तरी मंजुरी त्याच्याच हातात, आणि ब्रेकचा स्विच लागलेला असेल तर अर्ज फेटाळला. ब्रेकचं पेडल मात्र अर्ज नाही. माझ्या गाडीत त्याच्या पलीकडे तेल आहे, ते पॅड ढकलतं, आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा एका गोष्टीत सरळसरळ बरी आहे. पेट्रोलच्या गाडीत ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या व्हॅक्यूममुळे. रेस पूर्ण दाबलेली असताना तो व्हॅक्यूम जवळजवळ तयारच होत नाही. बूस्टरमध्ये साठलेला असतो तेवढ्यावर एकदोनदा ब्रेक लागतो. घाबरून कोणी ब्रेक पंप करत बसलं तर तिसऱ्या वेळेला पेडल दगड. इलेक्ट्रिकला इंजिनच नाही, त्यामुळे बूस्टरसाठी विजेचा वेगळा पंप असतो, किंवा बूस्टरच विजेवर चालतो. रेस कितीही दाबलेली असो, ब्रेकचा जोर तोच राहतो. शोरूममधल्या पोराला हे माहीत असतं तर त्याने माझा प्रश्न हसण्यावारी नेला नसता, उलट याच मुद्द्यावर गाडी विकली असती.

आता तक्रार. चौथ्या वेळेला आम्ही उलटं केलं. यांचा पाय रेसवर तसाच आणि मी माझा ब्रेक सोडला. रोज हेच होतं ना: मी गाडी थांबवते, सगळं शांत झालं असं समजून पाय उचलते. गाडीने साधारण एक सेकंद विचार केला आणि उडी मारली. अर्ज अजून टेबलावर होता, ब्रेक सुटल्याबरोबर तो मंजूर झाला. पाय रेसवरून पूर्ण उचलल्याशिवाय जोर परत मिळता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही गाड्यांमध्ये ते तसं असतं, या गाडीत नाही, आणि सेटिंगमध्ये बदलताही येत नाही. सर्व्हिसला विचारलं. "लिहून घेतो मॅडम" झालं. पाच महिने झाले.

सगळ्या गाड्यांचं यावर एकमत नाही हे खरं. पोर्शेच्या टायकानमध्ये तर स्पोर्ट प्लस लावून डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने पूर्ण रेस, आणि मग ब्रेक सोडायचा, गाडी गोळीसारखी सुटते. ती त्यांनी दिलेली सोय आहे. काही गाड्या क्रमही बघतात, आधी रेस होती की आधी ब्रेक. तेव्हा माझ्या गाडीचं वाचून शेजारच्याने आपल्या गाडीबद्दल काही ठरवू नये. मॅन्युअल उघडावं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये या सगळ्यावर दोन ओळी आहेत, आणि सीट कव्हरवर दीड पान.

पण खरी अडचण त्या उडीत नाही, त्याच्या आधीच्या शांततेत आहे. हे मला दुसऱ्या महिन्यात समजलं. पेट्रोलच्या गाडीत चुकून रेस दाबली की इंजिन ओरडतं. मला कळतं, दाबणाऱ्याला कळतं, टपरीवर उभ्या असलेल्या चार माणसांनाही कळतं. लाजेने का होईना पाय वर येतो. इथे मी ब्रेक मारला की सगळं गप्प. शिकणाऱ्याला वाटतं, 'मी ब्रेक दाबला, गाडी थांबली.' चूक झाली हे त्याला कळतच नाही, आणि चुकीच्या पेडलवर पाय ठेवून तो समाधानाने बसून राहतो. एक ताई तर मला म्हणाल्या, "बघा, या वेळी कशी बरोबर थांबवली!" त्यांनी नव्हती थांबवली.

स्कूटरवरून येणाऱ्यांचं आणखी वेगळं. आयुष्यभर उजव्या मुठीत रेस आणि बोटांत ब्रेक, गर्दीत दोन्ही थोडं थोडं. कॉलेज रोडवर संध्याकाळी बघा, निम्मी माणसं तशीच चालवतात. इलेक्ट्रिक स्कूटर चालवणाऱ्या मुली मात्र लगेच समजतात, कारण त्यांच्या ब्रेकच्या लिव्हरला कटऑफ असतो, लिव्हर दाबली की मोटर बंद. "तसंच आहे," एवढं सांगितलं की पुरे. जुन्या कारवाल्यांचा प्रश्न डाव्या पायाचा. तीस वर्षं क्लच दाबलेला पाय रिकामा बसत नाही. सिग्नल आला की तो क्लच शोधत येतो आणि ब्रेकवर आदळतो, उजवा अजून रेसवर. गाडी झटक्यात उभी, मागचा रिक्षावाला आमच्या सात पिढ्यांची आठवण काढतो. त्यांना मी पहिले तीन दिवस डावी चप्पल काढून बसायला लावते. पायाला फरक कळतो. एका रिटायर्ड साहेबांना हे अपमानास्पद वाटलं, दुसऱ्या दिवशी बूट घालून आले. चौथ्या दिवशी स्वतःहून काढला.

चढावर आणखी एक सवय मोडावी लागते. ऑटोमॅटिक चालवलेले लोक चढावर थोडा ब्रेक, थोडी रेस असं दोन पायांनी गाडी तोलतात. इथे ब्रेक लागला की रेस नाही, म्हणजे तोलणं नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात मी शेवटच्या आठवड्यातल्यांना नेते. तिथे एकाने तसंच केलं, गाडी ना पुढे ना मागे, आणि मागे देवीच्या भक्तांची रांग. हिल होल्ड आहे, ब्रेक सोडल्यावर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवतं. तेवढ्यात उजवा पाय शांतपणे ब्रेकवरून रेसवर न्यायचा. एका पायाचं काम एकाच पायाने. हिल होल्डला मी पूर्ण मार्क देते. उतारावर रिजनरेशनलाही (रेसवरून पाय उचलला की मोटरच गाडी मंदावते आणि बॅटरीत वीज परत भरते, ते), घाट उतरताना ब्रेक तापल्याचा वास आठ महिन्यांत एकदाही आला नाही.

त्याच रिजनरेशनला शिकवणीत मात्र मी पहिले दहा दिवस सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवते. वरच्या पायरीवर रेसवरून पाय उचलला की गाडी इतकी मंदावते की पाथर्डी फाट्यापासून मुंबई नाक्यापर्यंत ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायला नको. चालवायला मस्त. पण शिकणाऱ्याचा पाय ब्रेकपर्यंत गेलाच नाही तर त्याला रस्ता कसा पाठ होणार? जो पाय दहा दिवस फक्त रेसवर वर-खाली झाला, तो घाबरल्यावर कुठे दाबेल? तिथेच, अजून जोरात.

शोरूमवाले 'दोन्ही दाबलं तर ब्रेक जिंकतो' एवढं सांगून थांबतात (सांगितलं तर), पण दोन्ही दाबणारा माणूस मुळात वाचलेलाच असतो. खरा धोका ब्रेक समजून नुसती रेस दाबणाऱ्याचा, आणि हे प्रकरण इलेक्ट्रिकचं नाही, जुनं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० आपोआप पळते म्हणून आरडाओरडा झाला. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी तपासाने सांगितलं, बहुतेक वेळा ब्रेक समजून रेस दाबलेली होती. २००९-१० मध्ये टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात एक कारण पेडलमध्ये अडकणारं फ्लोअर मॅट होतं. 'नासा'चे इंजिनिअरही तपासाला बसले, २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला, इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. त्यानंतर ब्रेक दाबला की रेस तोडायची सोय पेट्रोलच्या गाड्यांतही सर्रास आली. अडकलेल्या मॅटवर ती रामबाण आहे, कारण तिथे माणसाचा पाय खरंच ब्रेकवर असतो. (मी माझ्या गाडीतलं शोरूमने फुकट दिलेलं जाड मॅट पहिल्याच दिवशी काढून ठेवलं. देवघरासमोर छान दिसतं.) पण एप्रिल २०१९ मध्ये टोकियोत इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या माणसाच्या गाडीखाली आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. ते गृहस्थ निकाल लागेपर्यंत सांगत राहिले की ब्रेक लागला नाही. कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं, दाबलेली रेस होती. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. मी असे पाय रोज बघते. त्या पायाला मनापासून वाटत असतं की आपण ब्रेकवर आहोत. अशा वेळी कंट्रोलर काय करणार? त्याच्यापर्यंत ब्रेकची खबरच पोचलेली नाही, आलाय तो एकच अर्ज, रेसचा, आणि तो नियमात बसतो.

म्हणून या गाडीला शिकवणीची गाडी म्हणून मी पाचपैकी साडेतीन देते. माझा पाय शेजारी असताना ती पेट्रोलपेक्षा सुरक्षित आहे, हे मी आठ महिन्यांच्या अनुभवावर म्हणते. दीड मार्क त्या उडीचा आणि त्या शांततेचा कापला. घरच्या वापरासाठी घेणाऱ्यांनी मला विचारलं तर मी सांगते, घ्या, पण पहिले आठ दिवस फक्त पाय शिका. आणि शोरूममध्ये तो प्रश्न विचाराच, हसले तरी.

शांततेवरचा माझा उपाय १४० रुपयांचा आहे. द्वारका चौकाजवळच्या सायकलच्या दुकानातून एक गोल आरसा आणला आणि मधल्या कन्सोलखाली असा बसवला की मला माझ्या सीटवरून शिकणाऱ्याचे पाय दिसतात. पेडलांच्या वर एलईडीची छोटी पट्टी, नाहीतर सकाळी सहाच्या बॅचला तिथे नुसता काळोख. आता मी ब्रेक मारला की आधी आरशात बघते. उजवा पाय रेसवरून उचललेला दिसेपर्यंत माझा ब्रेक सुटत नाही, आणि ती उडी त्यानंतर एकदाही झालेली नाही.

परवा कुंभाच्या कामासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यावर एक काकू चालवत होत्या. समोरून डंपर आला, गाडी कचकन थांबली. मी म्हटलं, "काकू, पाय उचला." त्या म्हणाल्या, "उचलू कशी? ब्रेक आहे ना, गाडी जाईल पुढे." आरशात त्यांची निळी चप्पल रेसवर होती, तळापर्यंत.

"खाली बघू नका," मी म्हटलं. "मी धरलीये गाडी. नुसता पाय उचला."